परसातली खारी

मागचं दार उघडलं की समोर तापी दिसायची, एवढं एकच त्या घराचं कौतुक. बाकी दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर आणि मागे नदीच्या काठापर्यंत उतरत गेलेलं परस. परस म्हणायचं ते आपलं उगाच. फुटक्या कौलांचे तुकडे, वेडी बाभूळ आणि मधोमध पांढुरक्या मातीचा एक भलाथोरला उंचवटा. सावद्यापासून सायकलवर जाता येईल अशा त्या गावात माझी दवाखान्यात नर्स म्हणून बदली झाली होती. आमचे हे धुळ्याला नोकरीला, शनिवारी रात्रीच्या गाडीने यायचे. पहिल्याच रविवारी त्यांनी मागचं दार उघडलं, बाहेर बघितलं आणि परत लावून घेतलं.

"हे असंच राहू दे," म्हणाले.

असंच राहू दे म्हटलं की माझ्या अंगात काय संचारतं ते मलाच ठाऊक. त्याच दुपारी शेजारच्या अक्कांकडून पावडं मागून आणलं आणि बाभळीला भिडले. दोन महिने काटे काढण्यात गेले, थोडे परसातले आणि थोडे तळपायातले.

खरा हट्ट पेटला तो आबांमुळे. आबा म्हणजे माझे वडील. साक्रीकडच्या एका खेड्यात त्यांचं कोरडवाहू शेत होतं. आई गेल्यावर एकटेच राहायचे. मग लकवा झाला, उजवी बाजू गेली. मी एकुलती एक, जाऊन त्यांना घेऊन आले. विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ गाडीत बसवलं. आयुष्यभर बांधावर उभा राहिलेला माणूस माझ्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला.

"आठे मना जीव लागत नही," रोज संध्याकाळी हेच. "माले गावले जानं शे."

आम्ही बापलेक अहिराणीतच बोलायचो. मी म्हणायचे, आबा, तठे कोन शे तुनं? तिथं होतं तरी कोण? गावी घराला कुलूप, जमीन माझ्या चुलतभावाकडे बटाईने, पिकाच्या वाट्यावर. रात्री पडले तर सकाळपर्यंत उचलायला कोणी नाही. दवाखान्यात मी अशी माणसं रोज बघत होते. एकटे राहिले तर आबा वर्ष काढणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यांना धरून ठेवायचं तर डोळ्यांसमोर काहीतरी हिरवं पाहिजे, शेतासारखं. परस हवं होतं ते त्यासाठी, हौसेसाठी नव्हे.

तेव्हा गावात टीव्ही नुकते आले होते. रविवारी सकाळी मालिका लागली की गल्लीत चिटपाखरू नसायचं. तो तास मी खणायला घेतला, कारण त्या तासात हसायला कोणी नसायचं. उंचवटा फोडून माती सगळीकडे पसरली, चढउतार सारखा केला, वाफे ओढले. आबांची खाट उचलून मागच्या दारात मांडली. मिरचीची रोपं आणून लावली, कारण हिरवी मिरची ताटात नसली तर आबांच्या घशाखाली घास उतरत नसे.

आठ दिवसांत रोपं माना टाकून बसली. पुन्हा आणली, पुन्हा गेली. शेणखत घातलं, राख घातली, सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. वरची माती पापडासारखी कडक व्हायची आणि पांढरी फटक पडायची. वांगी लावली, मेली. दोडका लावला, वेल वीतभर आला आणि वाळला. आमचे हे म्हणाले, "दवाखान्यातले पेशंट तरी जगतात ना गं तुझे?" दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आबा खाटेवरून सगळं बघायचे आणि बागेबद्दल एक अक्षर काढायचे नाहीत. मला वाटायचं, लकव्याने माणूस असा होतो.

दोन वर्षं. हो, दोन वर्षं मी त्या मातीशी डोकं आपटलं. आता आठवलं तरी माझा मलाच राग येतो.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी एक दिवस अक्का टोपलं घेऊन मागच्या दारी आल्या.

"सिस्टरबाई, तुमच्या मागची थोडी खारी नेऊ का? धाब्यावर टाकायची आहे."

आमच्या खान्देशात मातीच्या सपाट छताला धाबं म्हणतात. पावसाच्या आधी त्यावर खारी नावाची पांढरी माती पसरतात. तिच्यातून पाणी खाली उतरत नाही आणि तिच्यात गवताचं पातंही रुजत नाही. म्हणून तर ती छतावर घालायची. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आईबरोबर मी स्वतः खारीची टोपली वाहिली होती! पण छतावरची माती कोणी परसात ओळखतं का?

"इथं खारी कुठली?" मी विचारलं.

"अहो, जुनं धाब्याचं घर पडलं होतं ना इथं. तुमचं सगळं परस खारीचंच आहे. आम्हाला वाटायचं, बाई शिकलेल्या आहेत, काहीतरी नवीन प्रयोग करत असतील."

मी आबांकडे वळले. चाळीस वर्षं माती चिमटीत धरून पीक ठरवणारा माणूस. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

"आबा, तुले मालूम व्हतं?"

"पयल्याच दिनले."

"मंग सांगं का नही?"

"सांगीसन काय फायदा? तू माले गावले जाऊ देस का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी उन्हात मरमर खणत होते आणि हा माणूस खाटेवर पडून माझ्या हरण्याची वाट बघत होता! बाग झाली नाही की पोरगी कंटाळेल आणि सोडून देईल, असा त्यांचा हिशोब. अक्का टोपलं तिथंच ठेवून निघून गेल्या. मी जे तोंडाला येईल ते बोलले. शेवटी ओरडून म्हणाले, "मिरची लागू दे! पयली मिरची लागनी का मी सोता तुले गावले ली जासू. मंग ऱ्हाय तठेच!"

पहिली मिरची लागली की गावी नेईन, असं बोलून बसले. शब्द परत घ्यायचा तर मी माझ्या बापाची लेक कसली?

दुसऱ्या दिवशी गल्लीत सांगितलं, खारी फुकट आहे, घेऊन जा. अहो, काय झुंबड उडाली! पाऊस तोंडावर होता, प्रत्येकाला धाबं शाकारायचं होतं. टोपल्या, घमेली, एकाने तर बैलगाडीच आणली. लोक वरची नेत होते, मी खालची खणून देत होते. आठ दिवसांत परसात गुडघ्याच्या वर खड्डा झाला. पूर येऊन गेल्यावर नदीकाठी गाळ साचला, काळा आणि मऊ. तो मी डोक्यावर वाहिला. ड्यूटीवर जाण्याआधी चार टोपल्या, आल्यावर सहा. मानेची शीर धरली, तरी वाहिला. बैलगाडीवाल्याने दोन खेपा टाकून दिल्या, खारीची परतफेड म्हणून. बाकी सगळं परस माझ्या डोक्यावरून आलं.

आणि आबा बदलले. बदलणारच ना, आता त्यांना मिरची हवी होती! ज्या माणसाने दोन वर्षं बागेबद्दल तोंड उघडलं नव्हतं तो दिवसभर खेकसायला लागला. वाफा उताराला आडवा घे, उभा नको, पाणी दांडाने, पाटातून फिरू दे, रोप एवढं खोल कसाले घालस? एका सकाळी बघते तर खाट रिकामी. आबा बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत वाफ्यापर्यंत गेले होते आणि डाव्या हाताने खुरपत होते. मी उचलायला धावले तर खुरपं उगारलं माझ्यावर.

मग मिरचीला पांढरी फुलं आली. जिच्यासाठी जिवाचं रान केलं ती मिरची नको वाटायला लागली. खरं सांगते, एकदा रात्री उठून फुलं खुडावीत असंही मनात आलं. खुडली नाहीत. एवढी वाहिलेली माती होती ती, माझा हात धजला नाही.

एका दुपारी मी जेवायला घरी आले. आबांनी ताटाशेजारी एक मिरची ठेवली होती. बोटभर लांब, हिरवीगार.

"चाल," म्हणाले.

दोन दिवसांची रजा टाकली, झाडांना पाणी घालायचं अक्कांना सांगितलं आणि धुळ्याला गाडी बदलून आबांना गावी नेलं. चुलतभावाच्या बायकोने घर झाडून ठेवलं होतं. संध्याकाळी सगळा गाव भेटायला आला. आबा ओट्यावर बसून हसत होते. माझ्या घरी त्यांना एवढं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. रात्रभर मला झोप नाही. चुलतभावाला गोळ्या समजावून सांगितल्या, कागदावर वेळा लिहून भिंतीला लावल्या. मी दिलेला शब्द मीच पाळत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते.

सकाळी पिशवी भरून ओट्यावर आले. पाया पडले. आबा समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"तठे मिरचीले पानी कोन देई?" त्यांनी विचारलं.

"अक्काले सांगेल शे."

"ती बादली वती देई. मुया उघड्या पडतीन."

अक्का एकदम बादली ओततील आणि मुळ्या उघड्या पडतील, हे मलाही ठाऊक होतं.   मग आबांनी डाव्या हाताने आपला उजवा पाय उचलला आणि माझ्यापुढे धरला. त्या पायात त्यांना एकट्याने चप्पल घालता येत नसे.

मी खाली बसले. मला रडू कोसळलं, लाज कसली त्यात. "रडस काय," आबा म्हणाले, "गाडी निंघी जाई."

मी त्यांच्या पायात चप्पल घातली.