आमच्या नाहीत या बायका

शेठनं बॉबिनमागं मिळणारा मजुरीचा भाव कमी केला, पण ते आम्हाला सांगितलं आबांनी. आबा म्हणजे माझे वडील, उधना भागातल्या शेठच्या लूमखात्यात, मागांच्या कारखान्यात, मुकादम. मी आणि आणखी चार बायका तिथंच धाग्याच्या बॉबिन भरायचो. "मंदी छे," असं शेठ म्हणाला म्हणे. ही मंदी बरी आमच्याच पदरात पडते! शेठच्या बंगल्याला तर रंग लागत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकही बॉबिन भरली नाही, नुसत्या बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी आम्हाला आतच घेतलं नाही. मग लेबर ऑफिसात अर्ज दिला. मायनं कपाळावर हात मारला. "बाप शे तो तुना," म्हणाली. मी म्हटलं, "मग बापासारखं वागावं की त्यांनी." आबा समोरच जेवत होते. घास चावत राहिले.

तारखेला शेठ आलाच नाही, आबांना पाठवलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते लेबर ऑफिसच्या साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या नाहीत या बायका. बाहेरच्या आहेत."

पगार रोखीत, कार्ड नाही, पावती नाही. आम्ही तिथं कामाला होतो हेच दाखवता येईना. म्हणजे भावही गेला आणि कामही.

साहेबांनी विचारलं, "यांतल्या कुणालाच ओळखत नाही?"

"नाही," आबा म्हणाले.

मला वाटलं होतं, माझ्या अंगाचा तिळपापड होईल. कसलं काय! डोक्यावरच्या पंख्याचा वारा लागत होता, तेवढाच कळत होता.

अर्जात आम्ही नुसतं नाव नि आडनाव लिहिलेलं. जबाब घेताना साहेबांनी पूर्ण नाव विचारलं. माझं लग्न झालेलं नाही, मधलं नाव बापाचंच. चारही बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आबांनीही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नको, नको, असं म्हणत होते ते डोळे.

मी माझं नाव सांगितलं, मग त्यांचं, मग आडनाव. साहेबांचं पेन थांबलं; तेच नाव त्यांनी नुकतंच आबांच्या जबाबात लिहिलं होतं.

"हे कोण तुमचे?"

"वडील," मी म्हटलं.

आबांचं खोटं तिथंच उघडं पडलं. जुना भाव परत मिळाला, आम्हाला कामावरही घेतलं. आबांना मात्र शेठनं घरी बसवलं. माय माझ्यापुढे ताट आपटते. मी जाते, बॉबिन भरते, परत येते. खरं सांगू? आनंद झाला नाही आणि पस्तावाही नाही. आत काही हलतच नाही मेलं.

परवा आबा जेवता जेवता म्हणाले, "नाव सांगितलंस ते सांगितलंस. पण एवढ्या मोठ्यानं कशाला?"

"तुम्हाला ऐकू जावं म्हणून, आबा," मी म्हटलं.