कबुतरांना दाखवलेलं लग्न

सकाळी नऊच्या सुमारास आमच्या भिंतीवर एक इंद्रधनुषी कवडसा थरथरतो. कबुतरं येऊ नयेत म्हणून मी गॅलरीत जुन्या डिस्क सुतळीने टांगल्या आहेत, त्यांचा हा उद्योग. सिनेमे आता हवेतून घरात येतात, मग या चकत्या ठेवायच्या कशाला, असा माझा थोर विचार.

काल चहा पिता पिता बायको उठली आणि एक डिस्क उलटी करून तिने वाचली.

"अहो, आपलं लग्न टांगलंत तुम्ही!"

दोन पावसाळे ते लग्न कबुतरं हाकलत होतं. आता ती डिस्क कुठली चालायला! बायकोच्या गेलेल्या आईचं चालतंबोलतं हसणं तेवढ्या एका डिस्कवर होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ती डिस्क पदराने घासायला घेतली.

मी घाबरत मुलीला फोन लावला.

"बाबा, ती डिस्क तुमच्या ताब्यात आहे म्हटल्यावर मी केव्हाच कॉपी करून ठेवलीय. लिंक पाठवते."

दहा मिनिटांत सासूबाई टीव्हीवर आल्या. माझ्या डोळ्यांवर घसरलेल्या मुंडावळ्या सरळ करताना खळखळून हसल्या. बायकोही हसली, डोळे पुसत.

उद्या सिनेमे चष्म्यात दिसतील की भिंतीवर उमटतील, मला ठाऊक नाही. माझा हात पोचणार नाही अशा जागी कुणीतरी ते जपून ठेवतंय, याचेच माझ्यावर उपकार आहेत.

ती डिस्क मी सोडायला गेलो, तर बायको म्हणाली, "राहू दे. कबुतरंही आईला घाबरतात, तुमच्यासारखीच."