भाऊरावकाकांचा नेपाळातला ओटा

आमची शेवटची भेट भांडणातच झाली. भाऊरावकाकांनी सकाळी बाजारातून येताना माझ्या दाराशी सायकल लावली, चहा नको म्हणाले आणि माझ्या पाण्याच्या टाकीचं नवं स्टँड दोन्ही हातांनी गदगदा हलवून पाहिलं. ते हललं नाही, तर चक्क नाराज झाले. "आज नाई हालत, बाई. उद्या हालन," असं म्हणून वरून तार बांधायला लागले. मी वैतागून म्हटलं, "काका, टाकी आहे ती, बैल नाही!" दोन दिवसांनी त्यांच्या लेकीचा, वनिताचा फोन आला... रात्री झोपेतच गेले. रडू नंतर आलं, आधी मला त्यांचा रागच आला. प्लांटाच्या कॉलनीत, सेक्टर सहामध्ये इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या माणसानं असं न सांगता जावं? हे काय वागणं झालं?

काका स्टील प्लांटात होते. मोठमोठी यंत्रं बसवायच्या आधी त्यांच्याखाली काँक्रीटचा पाया घालायचा, हे त्यांचं काम. जन्मभर थरथरणारी यंत्रं पाहिल्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू एक ना एक दिवस थरथरणार, अशी त्यांची खात्री होऊन बसली होती. अंगणातला धुण्याचा दगड त्यांनी असा बसवला होता, की त्यावर रेल्वेचं इंजिन उभं राहिलं असतं. शेवंताकाकू कपाळाला हात लावायच्या, "माह्या लुगड्याले एवढा पाया कायले पाह्यजे वो?" काकूंनी नवऱ्याकडे जन्मात एकच गोष्ट मागितली होती. लुंबिनी दाखवा, बुद्ध जन्मले तिथली माती कपाळाला लावीन. रिटायर झालो की जाऊ, असं काका म्हणत राहिले. रिटायर झाले आणि काकू आजारी पडल्या, त्या उठल्याच नाहीत. मग काकांनी त्यांच्या फोटोसमोर उभं राहून शब्द दिला, की तुझ्यासाठी मी जाऊन येतो.

त्यानंतर मी शिकवते त्या कॉलेजचं सेवाशिबिर नेपाळातल्या एका खेड्यात ठरलं. आठवडाभर शाळेचं बांधकाम आणि शेवटच्या दिवशी परतीच्या वाटेवर लुंबिनी. पोरांसोबत आणखी एक वडीलधारं माणूस हवं, असा प्राचार्यांचा हट्ट होता. मी कुणाला विचारायच्या आत काका बॅग भरून दारात हजर! "मले काई नको, बाई. फक्त थ्या जागी एकडाव उभं करा."

शाळेत दोन कामं होती. नळाखाली हात धुवायचा ओटा आणि मुलींच्या संडासाची फरशी. फरशी नव्हती म्हणून संडास बंद होता आणि मोठ्या मुली दुपारीच घरी निघून जायच्या. शाळेच्या हेडमास्तरांनी ते पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं. आमची पोरं म्हणजे घरी स्वतःचं ताट न उचलणारी. काकांनी त्यांना सकाळी रांगेत उभं केलं आणि प्लांटात देतात तसं सुरक्षेवर भाषण दिलं. चपला पाहून दोघांना परत पाठवलं. गावातल्या चार म्हाताऱ्याही मुकाट्यानं रांगेत येऊन उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं काहीतरी वाटप आहे. मग ओट्याचा खड्डा सुरू झाला. खड्डा गुडघाभर झाला, कमरेएवढा झाला, तरी काकांचं समाधान होईना. हेडमास्तर वाकून बघत म्हणाले, "कुआँ खोद रहे हैं क्या?" आमच्या पोरांतली नेहा साहू घाम पुसत म्हणाली, "मैडम, ये ओटा नहीं, बंकर बन रहा है." मी काकांना झापलं. ते शांतपणे म्हणाले, "इथं भूकंप येते, बाई. गाव पडन, पन ओटा नाई पडनार." मी म्हटलं, "गाव पडल्यावर त्या ओट्यावर हात कोण धुणार?"

मी भाजी आणायला बाजारात गेले, तेवढ्यात घात झाला. परत आले तर ओटा दिमाखात उभा, आणि संडासाच्या फरशीसाठी ठेवलेलं सगळं सिमेंट त्याच्या पोटात! नवं सिमेंट खालच्या बाजारातून यायचं होतं, ते आलं नेमकं लुंबिनीला निघायच्या सकाळी. बस दारात उभी होती. हेडमास्तर म्हणाले, तुम्ही निघा, फरशी आम्ही कधीतरी करून घेऊ. ते "कधीतरी" ऐकलं आणि काकांनी बॅग खाली उतरवली. "तुमी पोराइले घेऊन जा. मी हे करून सीमेवर येतो."

"काका, वेड लागलंय का? इतक्या दूर कशासाठी आलात? काकूंना काय सांगाल?"

"तिले काय सांगू?" काका म्हणाले. "पोरींचं काम अर्धं टाकून थ्या जागी गेलो, तं थे फोटोतून उतरून मले झाडूनं झोडपन."

मी लुंबिनी पाहिली. खरं सांगते, धड काहीच पाहिलं नाही, मन सारखं त्या फरशीपाशी होतं. संध्याकाळी सीमेवर काका एका खचाखच भरलेल्या बसमधून उतरले, केसांपासून बुटांपर्यंत सिमेंटानं माखलेले. मी पुडीत आणलेली माती पुढे केली. त्यांनी ती कपाळाला लावली, अर्धी काकूंसाठी ठेवली. पण लुंबिनीचा मोठा फोटो देऊ केला, तो मात्र घेतला नाही. "मी गेलोच नाई, मंग फोटो कायचा लावू? पुढच्या वर्षी जाऊन राहिलो ना मी." पुढच्या वर्षी गुडघे दुखले. त्याच्या पुढच्या वर्षी नातवाची परीक्षा होती. लुंबिनी राहिली ती राहिलीच.

परवा वनिताकडे गेले होते. पुढच्या खोलीत काकूंच्या फोटोशेजारी एक भला मोठा खिळा होता, त्याची गोष्ट मला तिनंच सांगितली. नेपाळला निघायच्या आदल्या दिवशी काकांनी तो लुंबिनीच्या फोटोसाठी ठोकला होता, आणि ठोकला होता तोही असा, की त्यावर माणूस लटकावा. इतकी वर्षं तो रिकामाच होता. कुणी कॅलेंडर लावू म्हटलं, तरी काका लावू देत नसत. "मागच्या आठवड्यात बाबांचा फोटो फ्रेम करून आणला, मॅडम," वनिता म्हणाली. "दुसरा खिळा शोधायची गरजच पडली नाही."

भिंतीवर काका काकूंच्या अगदी शेजारी होते. मी फ्रेम हातानं हलवून पाहिली. जराही हलली नाही.