तरंगलेली अंडी

ती बाई आठवली की माझा मलाच संताप येतो. बाळकुम गावाहून आमच्या नौपाड्यात अंडी विकायला यायची. नाव मी कधी विचारलंच नाही. प्रत्येक अंडं पदराने पुसून हातात द्यायची. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून तिच्यादेखत ते पाण्यात सोडून बघायचो. बुडलं तर ताजं, तरंगलं तर खराब. ती बघत बसायची.

एकदा ओट्यावरचं भरलेलं पातेलं उचलून आणलं, तर सहाच्या सहा अंडी तरंगली. मी ओरडलो, "नासकी अंडी गळ्यात मारतेस? लाज नाही वाटत?" शेजारी दारात आले.

तिने पातेल्यात बोट बुडवून चाखलं आणि ती थुंकली. "अंडा ताजा हाय, मास्तर. तुमचा पानी खारा हाय! आमचे मिठागरान अंडा तरंगला का समजायचा, पानी मिठाला आला. पोरांना काय शिकवता तुमी?"

आईने आवळे खारवायला कालवलेलं मिठाचं पाणी होतं ते. मिठाने पाणी जड होतं आणि ताजं अंडंही तरंगतं, हे मीच त्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं.

तिने एक अंडं आमच्या उंबऱ्यावर फोडलं. बलक गोल, घट्ट. "पुसा आता," म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

शेजारी अजून बघत होते. मी त्यांना म्हणालो, "फार तोंडाळ आहे ही बाई."