लहानूबाबांची पाठ

तृप्तीच्या नर्सिंग शाळेत सरावासाठी एकच पुतळा होता, आणि तो खराब होऊ नये म्हणून काचेच्या कपाटात कुलूपबंद असायचा. मुलींनी त्याला बाहेरूनच बघायचं. सत्त्याण्णव साली पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली, तेव्हा ज्यांना जमलं त्यांनी शिकवणी लावली. तृप्तीचे वडील अंबडच्या कारखान्यात हंगामी कामगार. तिनं घरातच वॉर्ड थाटला. फाटक्या रेनकोटचं मेणकापड, जुन्या धोतराची बँडेजं, इंजेक्शन टोचायला मोसंबी. खाटेवरची चादर ती इतकी ताणून बसवायची की आई म्हणायची, "आता हिच्यावर झोपायची भीती वाटते गं."

गाडं अडलं ते स्पंजिंगवर. झोपून असलेल्या रोग्याचं अंग पुसायचं, त्याला कुशीवर वळवायचं, पाठ जपायची. त्यासाठी जिवंत माणूस हवा. धाकटी बहीण हात लावला की खिदळायची. शेवटी आईच म्हणाली, "शेजारचे लहानूबाबा अर्धांगानं पडलेत. त्यांच्या सुनेला, सगुणाकाकूला, विचार. तिलाही तेवढाच हातभार."

"ये की!" सगुणाकाकू म्हणाली. "मागच्या खोलीत आहेत."

खोलीला बाहेरून कडी होती. ती काढली तसा वासाचा भपकारा तृप्तीच्या घशाशीच आला. म्हातारा गोणपाटावर पडलेला, खालचं सगळं ओलं. तिनं त्याला हळूच कुशीवर केलं, तर माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम, आणि जखमेत काहीतरी वळवळत होतं. तृप्ती धावत मोरीपाशी गेली आणि भडाभडा ओकली.

काकू कांदा चिरत होती. "आम्हीही काय कमी करतो का? दिवसभर पंखा असतो त्यांना."

किडे बाहेर यावेत म्हणून वॉर्डात असल्या जखमेत सिस्टर टर्पेंटाइन सोडतात, हे तृप्तीनं पाहिलं होतं. तिनं रंगाच्या दुकानातून ते आणलं, आईचा चिमटा उकळला आणि नाकाला ओढणी बांधून एकेक किडा वेचला.

"पोरी, लय घाण हाय मी," बाबा वाकड्या तोंडानं म्हणाले.

तिनं ओठ घट्ट मिटून पुढचा किडा उचलला. तोंड उघडलं असतं तर पुन्हा ओकारी आली असती.

मग ती रोज जायला लागली. शाळेत सांगायचे, सवयीनं किळस जाते. तिची काही गेली नाही. उलट जखम लाल, स्वच्छ दिसायला लागली तशी ती किळस म्हाताऱ्यावरून उठून त्या घरावर जाऊन बसली. काकूनं दिलेला चहाही तिला पिववेना. "काकू, दर दोन तासांनी कूस बदलायची असते. दाखवू का?" तिनं विचारलं, तर काकू हसली. "तुझी परीक्षा आहे बाई, माझी नाही."

परीक्षेला तिच्या वाट्याला पाठीची निगाच आली. हात कुठे अडला नाही. त्या गडबडीत मात्र तिचं शेजारी जाणं राहिलं होतं. रविवारी ती पुन्हा गेली, तर पुढच्या खोलीत पाहुणे. देवळ्याहून लहानूबाबांची बहीण भागीबाई आली होती. बाबांचा मुलगा, काकूचा नवरा धनराज कडक इस्त्रीचा शर्ट घालून सांगत होता, "बाबांसाठी नर्स ठेवलीये, आत्या. रोज येते. ही काय, आलीच!"

तृप्ती सरळ मागच्या खोलीकडे गेली. कडी तशीच. परीक्षेआधी तिनं ज्या कुशीवर ठेवलं होतं त्याच कुशीवर बाबा पडून होते, आणि तिनं बांधलेली पट्टीही तीच, हिरवी पडलेली. तिचं डोकं सणकलं.

"धनराजकाका, आत या," तिनं हाक मारली. "बाबांना धरायला माणूस लागतो."

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्यानं रुमाल नाकाला लावून बापाच्या खांद्याला दोन बोटं लावली. तिनं पट्टी सोडली, तसा तो खोकत, थुंकत अंगणात पळाला.

भागीबाई दारातून बघत होती. ती आत आली, पदर खोचला आणि भावाला दोन्ही हातांनी धरलं. "धन्या," ती बाहेर ओरडली, "अरे, कुत्र्याला बी कुनी असं ठेवीत नाय!"

दुसऱ्या दिवशी देवळ्याकडे रिकामा परतणारा कांद्याचा टेम्पो थांबवून तिनं भावाला नेलं. जाण्याआधी तृप्तीनं तिला कूस बदलायला, जखम धुवायला शिकवलं. उन्हाळा सरता सरता निरोप आला, खपली धरली आहे, बाबा भाकरी मागून खातात.

निकाल लागला. तृप्ती चांगल्या गुणांनी पास झाली. संध्याकाळी सगुणाकाकू पेढे घेऊन हजर. "आमच्या बाबांमुळेच पास झालीस हो," ती लाडानं म्हणाली आणि पेढा तृप्तीच्या ओठांशी नेला.

तृप्तीनं तोंड फिरवलं. आई म्हणाली, "अगं, घे की, दारात आल्यात त्या." तरी तिनं घेतला नाही. काकूच्या त्या हाताकडे तिला बघवेना. ती उठून आत गेली.