खरवड

स्वयंपाक करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण रोज दोन वेळा शेगडी पेटवून बारा वर्षांत एकदाही भांड्यातल्या पदार्थाची चव न घेतलेला माणूस मी एकच पाहिला, आणि नशिबानं तोच माझा घरमालक आहे. नैवेद्याआधी जिभेला काही लावायचं नाही हा नियम आमच्या गावाकडेही सणावाराला असतो, पण काकांच्या घरी रोजच सण. देवाची पूजा पाऊण तास, त्यानंतर नैवेद्य, त्यानंतर आरती, आणि मग गार झालेलं अन्न पानात. मीठ बरोबर पडलं की नाही हे कळतं कसं, असं मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं. "ऐकून," काका म्हणाले. "सांगलीकर, वरण बोलतं. ध्यान देऊन ऐकलं तर बिलकुल साफ सांगतं." वरणानं त्यांना आजवर काय काय सांगितलं असेल ते असो, मला मात्र त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या आहेत. एक तर मीठ घालायचं राहिलं, नाहीतर दोनदा घातलं.

मी सांगलीकर म्हणजे सांगली शहरातला नव्हे, विट्याच्या बाजूच्या एका खेड्यातला. आमच्याकडची निम्मी घरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामात, देशभर पांगलेली. मी नववीत शाळा सोडली आणि चुलत्याच्या मागोमाग ग्वाल्हेरला येऊन सराफ्यात भट्टीपाशी बसलो. स्वभावानं मी आधीच घाबरट, त्यात काम दुसऱ्याच्या सोन्याचं. भट्टीवाल्याला कुणी खोली देत नाही. कपड्यांना तेजाबाचा वास येतो, घराला आग लागेल अशी मालकाला धास्ती वाटते. चार ठिकाणी नकार घेऊन मी लश्कर नावाच्या जुन्या वस्तीतल्या कंपू मोहल्ल्यात काकांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मराठी वाचता येतं?" मी म्हणालो, "येतं, पण नववी पुरी नाही झाली, काका." "मी मार्कशीट मागून राहिलो का तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी खालच्या खोलीची किल्ली दिली आणि किल्लीबरोबर जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठाही दिला. महिन्यानं वर बोलावून कुठल्या अंकात काय वाचलं ते विचारलं. आज मला चार ओळी सरळ लिहिता येतात त्या शाळेमुळे नाही, त्या गठ्ठ्यामुळे.

पुढे मला टायफॉइड झाला, तेव्हा काका तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ जिना उतरून मऊ भात आणून देत. बहुतेक दिवस तो बिनमिठाचा असे. एकदा समुद्रासारखा खारट होता. "कसा झालाय?" ते दारातून विचारत, आणि मी म्हणे, "छान झालाय, काका." परक्या गावात आपल्यासाठी कुणी जिना उतरतं, त्याला आणखी काय म्हणायचं असतं?

काकांचे पूर्वज दख्खनेतून दरबारी पुरोहित म्हणून इकडे आले. काका मात्र वीज मंडळात अभियंता होते. त्यामुळे त्यांच्या सोवळ्यालाही मोजमाप आहे. स्वयंपाकघराच्या दारात संगमरवराची एक पट्टी बसवलेली आहे. पट्टीच्या आत रेशमी कद नेसलेले काका, बाहेर बाकीचं सगळं जग. मी, दूधवाला, काकांचा सख्खा भाऊ, सगळ्यांना एकच न्याय. माझ्यासाठी पट्टीच्या बरोबर बाहेर एक स्टूल ठेवलेलं आहे आणि रविवारी मी त्यावर बसून गप्पा मारतो. हा नियम मुळात काकूंचा. त्या होत्या तोवर काकांना पाणी उकळण्यापलीकडे काही येत नव्हतं, आणि मधूनमधून कढईत बोट घालायची फार खोड होती. काकू हातावर पळी मारत. त्या गेल्यावर काका स्वयंपाक शिकले आणि ज्या नियमासाठी पळीचा मार खाल्ला तो त्यांच्यापेक्षाही कडक पाळू लागले. "तिचं घर आहे," ते म्हणत. "तिच्या कायद्यानंच चालणार."

त्यांची मुलगी, तिला मीही ताई म्हणतो, नोकरीसाठी ब्राझीलला गेली आणि तिथल्याच एका भल्या माणसाशी लग्न करून तिथलीच झाली. नात सात वर्षांची, क्लारा. काका तिला फोनवर "क्लाराबाई" म्हणतात, अहोजाहो करतात. पण क्लाराबाई सात वर्षांत आजोबांशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. फोनच्या पडद्यावर काकांचा चेहरा आला की ती आईच्या खांद्यामागे जायची आणि एक डोळा तेवढा बाहेर ठेवायची. मला ते पाहवत नसे. माझी पोरगी गावी आईजवळ असते. मी वर्षातून एकदा यात्रेला जातो, तेव्हा पहिले दोन दिवस ती पदरामागून बघते, तिसऱ्या दिवशी बोट धरते आणि चौथ्या दिवशी माझी परतीची गाडी असते.

गेल्या पावसाळ्यात ताईचा फोन आला, डिसेंबरात दहा दिवसांसाठी येतोय, क्लाराचा वाढदिवस तिकडेच करू. त्याच फोनवर क्लारानं पहिल्यांदा आपण होऊन आजोबांना काहीतरी दाखवलं. एक तपकिरी गोळी कॅमेऱ्यासमोर धरली, दाखवली आणि खाऊन टाकली. ताई म्हणाली, "बाबा, याला ब्रिगादेरो म्हणतात. आटवलेलं दूध, कोको आणि लोणी. तिकडे याच्याशिवाय वाढदिवस होत नाही." फोन ठेवल्यावर काकांनी दोन बोटांत हवेतच एक गोळी वळून पाहिली. मग मला म्हणाले, "सांगलीकर, पोरगी अर्ध्या जगावरून येणार आणि या घरात तिच्या ओळखीचं काहीच नसणार. मतलब, एक गोळी तरी तिची हवी. मग ती येईल जवळ." त्या नावाचा अर्थ फौजेतला ब्रिगेडियर, हे कळल्यावर तर त्यांना हुरूपच आला. "दोनशे वर्षं आम्ही लश्करात राहून राहिलो. आम्हाला एक ब्रिगेडियर नाही जमणार?"

आता बघा, जो पदार्थ जन्मात खाल्लेला नाही तो न चाखता करायचा! डब्यातलं घट्ट दूध त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केलं. "कारखान्यात कुणी चाखून बघितलं नसेल कशावरून?" म्हणून तीन लिटर दूध आणि साखर घेऊन स्वतः आटवत बसले. कोकोला धर्माची परवानगी आहे का, यावर आठवडाभर विचार झाला. शेवटी कोको म्हणजे फळाची बी, तेव्हा तो उपासालाही चालेल असा निकाल लागला. महाराज बाडा चौकातल्या दुकानदारानं कोको बांधताना विचारलं, "केक बनाओगे, बाबूजी?" काका गंभीरपणे म्हणाले, "नैवेद्य." मोबाइल ओवळा, तो पट्टीच्या आत येणं शक्यच नव्हतं. म्हणून मी स्टुलावर बसून हात लांब करून तो त्यांच्याकडे धरायचा आणि पडद्यावरच्या ब्राझीलच्या बाई काय करतात ते काकांनी शेगडीपाशी उभं राहून बघायचं. "मागे घ्या! मागे घ्या! अहो, इतकं मागे नको, बाईंनी अजून कढई पण नाही ठेवली!" बाईंनी उलथनं किती वेळा फिरवलं ते ते मोठ्यानं मोजत, आणि स्वतः तेवढेच वेढे फिरवत, एक कमी नाही, एक जास्त नाही.

पहिली खेप रस्त्याच्या डांबरासारखी झाली. दुसरी अडकित्त्यानं फोडावी लागली. तिसरी गोळा व्हायलाच तयार नव्हती, ती पोळीवर ओतली. गोळीला वरून चॉकलेटचे कण लावायचे असतात, काकांनी खसखस लावली. देवानं तिन्ही खेपा निमूटपणे पाहिल्या आणि प्रसाद म्हणून त्या माझ्याकडे आल्या. "कशी झाली?" "छान झाली, काका."

चौथ्या खेपेला मात्र मला रात्री झोप लागेना. मी छान म्हणत राहिलो तर हा म्हातारा माणूस याच गोळ्या त्या पोरीसमोर ठेवील, आणि सात वर्षांची पोर काही माझ्यासारखी भाडेकरू नाही. रविवारी मी म्हणालो, "काका, वाईट झालीय."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "केव्हापासून?"

"ही चौथी ना. पहिलीपासून."

"गोळीचं नाही विचारून राहिलो. तुम्ही खोटं केव्हापासून बोलता?"

मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. "टायफॉइडपासून."

मला वाटलं, खोली गेली. काका शेगडी बंद करून पाटावर बसले आणि खांदे हलवून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसून म्हणाले, "तीन आठवडे? सगळे तीन आठवडे? कमाल आहे तुमची! बोलला असता तर, भाई, मीठ काय सोन्याचं होतं?"

मग मला जे एकच येतं ते मी त्यांना सांगितलं. चव घ्यायची नसेल तर नका घेऊ, पण मोजू नका, बघा. मुशीत सोनं वितळतं तेव्हा आम्हीही कुठे चाखतो? रंग बघतो, कड बघतो. पुढच्या रविवारी मी पट्टीबाहेरून नजर लावून बसलो. काका ढवळत होते, मिश्रण जड होत गेलं, चमक बदलली आणि कढई तिरकी केली तसं सगळं एकदम तळ सोडून एका बाजूला सरकलं. "आता!" मी ओरडलो. काकांनी गॅस बंद केला. तुपाच्या हातानं वळलेल्या त्या गोळ्यांतली एकेक नैवेद्यानंतर आम्ही दोघांनी खाल्ली. दुसरी घेतली.

डिसेंबरात ताई आली. क्लारा तिकडच्या उन्हाळ्यातून ग्वाल्हेरच्या धुक्यात उतरली होती. अंगात दोन स्वेटर, नाक लाल, बोलणं फक्त आईच्या कानात. दोन दिवस तिनं दूध आणि बिस्किटांवर काढले. वाढदिवसाला काकांनी पहाटे उठून एकवीस गोळ्या केल्या, नैवेद्य दाखवला आणि चांदीच्या वाटीत एक गोळी, तिच्यावर तुळशीचं पान, अशी तिच्यापुढे धरली. तिनं पान उचलून बाजूला ठेवलं, खसखशीवरून बोट फिरवलं आणि मान हलवून आईच्या मागे गेली. काका म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, जबरदस्ती नको." पण ती वाटी ते हातातून खालीच ठेवीनात. मला वाटलं, पाच महिने मीच त्यांना चुकीच्या वाटेला लावलं.

संध्याकाळी ताई म्हणाली, "बाबा, तयार गोळी तिला ओळखीची वाटत नाही. घरी ती स्टुलावर चढून कढईपाशीच उभी असते. आपण परत करू या का?" काकांनी लगेच कद नेसला. मी बाहेर स्टुलावर, ताई दारात, तिच्यामागे क्लारा. कोकोचा वास सुटला तसा क्लाराचा दुसरा डोळाही बाहेर आला. मिश्रणानं तळ सोडला, काकांनी कढई खाली उतरवली आणि कुणाला काही कळायच्या आत ती पोर ताईच्या हाताखालून निसटली, संगमरवराची पट्टी ओलांडून आत गेली आणि ओट्यावरचा चमचा उचलून तिनं थेट कढईत घातला. आणि तोंडात. आणि तोच चमचा परत कढईत.

बारा वर्षांत त्या पट्टीच्या आत दुसऱ्याचं पाऊल पडलं नव्हतं. काका खांबासारखे ताठ उभे राहिले. त्यांच्या तोंडून फक्त "अहो, क्लाराबाई..." एवढंच निघालं, पण आवाज असा, की पोरीच्या हातातला चमचा खाली पडला आणि तिचे डोळे भरून आले. ती मागे मागे सरकायला लागली. आणखी दोन पावलं, की ती आईच्या मागे गेली असती आणि उरलेले दिवस तिथेच राहिली असती, हे मला स्टुलावरून लख्ख दिसत होतं.

तेव्हा ताई हळूच म्हणाली, "बाबा, आई मला द्यायची."

"काय द्यायची?"

"कढई खरवडायला. बासुंदीची, खव्याची, सगळी. तुम्ही ऑफिसला गेलात की. नैवेद्याआधी. म्हणायची, देव मोठा आहे, त्याला घाई नसते, पोराला असते. आणि म्हणायची, बाबांना सांगू नकोस, ते पण मागतील."

काकांनी एकदा भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे बघितलं, असं, की बारा वर्षांची तक्रार एकदम करायची आहे पण कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. मग कद सावरत ते खाली फरशीवर बसले, कढई मांडीजवळ ओढली, पडलेला चमचा उचलून पुसला आणि क्लारापुढे धरला. ती बघत राहिली. काकांनी बोटानं कढईच्या कडेला चिकटलेलं दाखवलं. "इथलं. इथलं सगळ्यात चांगलं असतं म्हणे."

ती पुढे आली. समोर बसली. कुरकुर आवाज करत कड खरवडली, पहिला चमचा स्वतः खाल्ला, दुसरा भरला आणि आजोबांच्या तोंडासमोर नेला. काकांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"अरेच्चा," ते म्हणाले. "गरम असताना असं असतं होय! आणि मी खाली-पीली थंड खाऊन राहिलो!"

क्लाराला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण ती खदखदून हसली. पुढचे सात दिवस ती त्यांच्या मागेमागे होती.

ती मंडळी गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. वरण अजूनही ऐकूनच होतं आणि अजूनही खारट होतं, फक्त आता मी तसं सांगतो. पण मागच्या रविवारी जिन्यावरून हाक आली, "सांगलीकर, वर या! खरवडायला माणूस नाही!" मी जाऊन सवयीनं स्टुलावर बसलो. काका आत फरशीवर कढई घेऊन बसले होते. म्हणाले, "तिथून हात पुरणार आहे का तुमचा?" मी पायातली चप्पल आधीच काढली होती, तरी पाय पुन्हा पायपुसण्यावर पुसले आणि पट्टी ओलांडली. कढई आमच्या दोघांच्या मध्ये होती. लहानपणी आई दुधाची खरवड मला देई, भाऊ रडला तरी मलाच देई, ते मला कित्येक वर्षांनी आठवलं.

यात्रेला पुढच्या आठवड्यात निघतोय. मी काकांना विचारलं होतं, वीस-पंचवीस गोळ्या वळून डब्यात नेऊ का पोरीला? आज सकाळी त्यांनी कोकोचा डबा, काकूंच्या वेळचं लाकडी उलथनं आणि दोन चमचे, एक मोठा आणि एक छोटा, असं सगळं वर्तमानपत्रात बांधून माझ्या हातात दिलं.

"करून नेऊ नका," ते म्हणाले. "तिकडे जाऊन करा, तिच्यासमोर. पहिल्याच दिवशी. आणि कढई घासायची घाई करू नका."