आठ नंबरचे पाय

मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी माझ्या आईला एकाच गोष्टीची काळजी होती, ती म्हणजे माझे पाय. उंची, रंग, बी.ए.ची डिग्री, सगळं तिने पाहुण्यांपुढे हौसेने मांडलं. पाय मात्र झाकून ठेवायचे असा हुकूम होता. कारण माझे पाय आठ नंबरचे आहेत, आणि तेही पुरुषांच्या बुटाच्या मापाने. कोरपन्याच्या बाजारात बायकांच्या चपला जिथे संपतात, तिथून माझे पाय सुरू होतात. आई म्हणायची, "बाळाचे पाय पाळण्यात दिसते म्हन्ते. तुये तं पाळण्याच्या बाहेर दिसत होते."

मी साडी अगदी जमिनीला टेकेपर्यंत सोडली होती. पाहुण्यांतल्या बायका माझा चेहरा न्याहाळत होत्या, मुलगा चहाच्या कपात बघत होता. मुलाचे वडील तेव्हा माजरीकडच्या कोळसा खाणीतून नुकतेच रिटायर झाले होते. ते तेवढे खाली बघत होते. मी कप उचलायला उठले, तसं त्यांनी विचारलंच.

"बाई, पायात कोन्त्या नंबरचं घालते?"

आईचा चेहरा पांढरा पडला. बाबा काहीतरी सारवासारव करायला निघाले. पण माझा स्वभाव आधीपासूनच तिरकस. एवढा वेळ पाय आत ओढून बसल्यामुळे मुंग्या आल्या होत्या, त्याचाही राग होता.

"आठ," मी म्हटलं.

"जेंट्सचा?"

"जेंट्सचा."

बाजारात बैलाचे दात बघून झाल्यावर माणूस जशी मान हलवतो, तशी त्यांनी आपल्या मुलाकडे बघून मान हलवली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगी पसंत. आईला वाटलं चमत्कार झाला. लग्नात ती व्याह्यांना म्हणाली, "आमच्या पोरीचा पायगुण चांगला हाये, पाहाल तुमी." व्याही हसले. "पायगुण-बियगुण आमी नाई मानत वो बाई. आमी पायाचं माप मानतो."

सगळ्यांना तो विनोद वाटला. मलाही वाटला. तो विनोद नव्हता हे मला लग्नानंतर, नवऱ्याच्या हातात एक खोकं आलं तेव्हा कळलं.

खाणीत काम करणाऱ्याला दरवर्षी कामाचे बूट मिळतात. काळे, जाड चामड्याचे, बोटांवर आतून लोखंडी टोपी. ते टिकाऊ असतात याबद्दल कुणाचंच दुमत नाही. माणूस झिजतो, ते झिजत नाहीत. फक्त ते आरामदायी व्हायला एका माणसाचे पाय खर्ची पडावे लागतात. नवा बूट टाचेला चावतो, करंगळी सोलतो, घोट्यावर घासतो. तसा बूट घालून आठ तास खाणीत उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून आमच्या सासरी एक पद्धत होती. नवा बूट आधी घरातल्या एकाने घालून घालून मऊ करायचा, मग ज्याचा त्याला द्यायचा. माझे सासरे, खाणीतच लागलेले नवरा आणि दीर, तिघांचेही पाय आठ नंबरचे. वर्षानुवर्षं हे काम सासरे करत. रिटायर झाल्यावर तर दिवसभर तेच करू म्हणत होते. पण त्यांना शुगर निघाली. पायाला जखम होऊ द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि घरात आठ नंबरची एक जागा रिकामी झाली. ती भरायला मी आले. मी समजत होते, माझं बी.ए. बघून मला केली.

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला ते काम फार मायेने शिकवलं, खोटं कशाला सांगू. बूट आतून ओल्या फडक्याने पुसायचा, बाहेरून एरंडीचं तेल चोळायचं, जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या टाचेला गुंडाळायच्या आणि वावराची वाट धरायची. "बसून बूट नरम होत नसते सूनबाई. त्याले चालवा लागते, उकिडवं बसवा लागते." निंदणाला उकिडवं बसलं की बूट बरोबर बोटांच्या मागे मोडतो. तिथे तो एकदा मोडला की निम्मं काम झालं.

तर मी साडीवर सेफ्टी बूट घालून कपाशी निंदायला जात असे. पहिल्या दिवशी निंदणाच्या बायका हसून हसून आडव्या झाल्या. एकीने उठून सलाम ठोकला, "या साहेब, हाजरी घेऊन राह्यले का?" दुसरी म्हणाली, "इच्या पायाखाली साप आला तं सापच मरते." मी पण हसले. दुपारी बांधावर बूट काढला तेव्हा दोन्ही टाचांना फोड आले होते. मग कुणी हसलं नाही. एकीने आपल्या डब्यातलं गार पाणी माझ्या पायांवर ओतलं.

हळूहळू माझं नाव झालं. शेजारपाजारचे आठ नंबरवाले खोकी घेऊन येऊ लागले. "वहिनी, एवढा जोड पाहून देता का?" कुणी पेरू आणत, कुणी लाखोळीची डाळ. ती माझ्या सासूबाई पदरात घेत आणि आलेल्याला सांगत, "आमच्या सुनेचे पाय लय गुनाचे." माझ्या आईने ज्या पायांवर साडी ओढली होती, त्यांचं एवढं कौतुक होत होतं. मी बी.ए. आहे हे मात्र कुणी एकदाही सांगितलं नाही.

या सगळ्यात मला एकच गोष्ट खुपायची. बूट चावायचा तोवर तो माझा. चावणं थांबून ज्या दिवशी पाय आत सरकताच 'हं, आता बरोबर' असं वाटायचं, त्याच संध्याकाळी तो दुसऱ्याच्या पायात जायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते मी इतक्या जवळून पाहिलं आहे, की नागोबाला रोज डबा करून देत होते. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पायात पुन्हा नवं खोकं. मला माझा एक बूट हवा होता. मी मऊ केलेला, आणि मीच फाटेस्तोवर घातलेला. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती कुणाला सांगायची म्हटलं तर सांगणाऱ्यालाच हसू यावं अशी.

मग मला काम मिळालं. खाण खोदताना निघालेल्या मातीचे आमच्याकडे डोंगर झाले आहेत. आम्ही त्यांना डंप म्हणतो. त्या डंपवर झाडं लावायचं काम एका ठेकेदाराने घेतलं. बायकांची टोळी हवी होती आणि टोळीवर लक्ष ठेवायला एक शिकलेली बाई. शेवटी बी.ए. कामी आलं. डंपवर सगळी सुटी दगडमाती, काचेसारखे धारदार तुकडे. पायात सेफ्टी बूट नसेल तर वर जाऊ देत नसत. पण बूट ठेकेदाराकडून मिळणार होते. मला हे कळलं तेव्हा मी घरी येऊन कुणाला न सांगता पाय घासून धुतले.

बूट आले. बायकांसाठी म्हणून खास लेडीज बूट होते, कडेला जांभळी पट्टी. ठेकेदाराचा सुपरवायझर, विशीतला पोरगा, खोकी मांडून म्हणाला, "चॉइस आहे ताई. जांभळी पट्टी घ्या नाहीतर गुलाबी." बायकांनी पट्ट्यांवरून भांडायला सुरुवात केली. मी नंबर बघत होते. चार, पाच, सहा. पुन्हा चार, पाच, सहा.

"आठ नाई का?"

"लेडीजमध्ये आठ येत नाही ताई."

"लेडीजमध्ये येत नाई, मंग माह्या पायात कसा आला?"

तो माझ्या पायांकडे बघत राहिला. मग समजूत घालावी तसा म्हणाला, "सहा घेऊन जा ना. घालून घालून सैल होतात बूट." हे तो मला सांगत होता! अर्ध्या गावाचे बूट ज्या पायांनी सैल केले, त्या पायांना. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडायलाही आलं. मी दुसरीकडे बघितलं. तो बिचारा म्हणाला, "घरी कोणाचे असतील तर घालून या. आठ नंबरसाठी मी वर सांगतो. पण सोमवारी बिना बुटाचं आलात तर मी वर जाऊ देऊ शकत नाही."

घरी नवऱ्याचा त्या वर्षीचा नवा जोड येऊन पडलाच होता, माझीच वाट बघत. घरच्यांना आनंद झाला. आता वावरात जायला नको, कामाचं कामही होईल आणि बूटही मऊ होईल, एका दगडात दोन पक्षी. पक्षी कोण हे त्यांनी सांगितलं नाही.

डंपवर त्या बुटाने मला पहिले काही दिवस रडवलं. चढताना टाच सोलायची, उतरताना बोटं त्या लोखंडी टोपीवर आपटायची. मी खड्ड्यांच्या रांगा मोजून घेत, बायकांना करंज आणि शिसूची रोपं वाटत लंगडत फिरायचे. पण त्या चढउताराने जे केलं ते वावराने कधी केलं नव्हतं. एके दिवशी दुपारी मी डंपच्या माथ्यावर उभी होते आणि माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मला पायांची आठवणच झाली नाही. आरामदायी बूट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तो पायात आहे हे विसरायला होतं. मी पहिल्यांदाच वर मान करून सगळीकडे बघितलं. खाली वर्धेचं पात्र होतं, कपाशीची वावरं होती, लांब धुराडी होती. इतके दिवस मी तिथे काम करत होते आणि हे काही पाहिलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात नवऱ्याच्या जुन्या बुटाचा तळ सुटला. संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने माझ्या बुटांकडे हात केला.

"झाले ना नरम? दे."

"नाई देत," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी गंमत करते आहे. "अवो, कंपनीनं मले देल्ले ते."

"कंपनीनं तुमाले दगड देल्ला होता. बूट मी केला."

सासूबाई आतून बाहेर आल्या. दीर पटकन स्वतःच्या पायांकडे बघू लागला, पुढची पाळी त्याची होती ना. माझा आवाज चढला होता, मला ते समजत होतं, पण थांबवत नव्हतं. "दरवर्षी चावते तवा माहा, अन् चावत नाई तवा तुमचा. हे कोन्तं माप हाये?" एवढं बोलून मला हुंदका आला. बुटासाठी रडणारी बाई त्या घराने पहिल्यांदाच पाहिली असेल.

नवऱ्याने मामाजींकडे बघितलं. निकाल त्यांनीच द्यायचा होता. ते उठले, सावकाश, पाय जपत. कोपऱ्यात शेजाऱ्याचं खोकं पडलं होतं, त्याचा नवा कोरा जोड मी मऊ करून द्यायचा होता. त्यांनी ते उचलून मुलाच्या मांडीवर ठेवलं.

"हे घाल उद्या ड्यूटीवर. नरम झाले का शेजाऱ्याले वापस करून दे."

"बाबा, हे नवे हायेत!"

"मंग? तुये पाय आठ नंबरचेच हायेत ना?"

नवरा दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचे बूट घालून कामाला गेला. संध्याकाळी तो गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा भिंतीला हात टेकत चालत होता. मला आनंद झाला. लपवून काय करायचं, मनापासून झाला. त्याने ओट्यावर बसून बूट काढले आणि टाचेकडे बघत राहिला. मग विचारलं, "दरवर्षी असंच होत होतं का तुले?"

"दरवर्षी नाई," मी म्हटलं. "दर खोक्याले."

शेजाऱ्याचे बूट परत गेल्यावर त्याने आपल्या जुन्या बुटांना नवा तळ ठोकून घेतला. पुढच्या वर्षी त्याचे बूट त्याने स्वतः मऊ केले, आणि शेजाऱ्यांची खोकी आमच्या दारातून परत जाऊ लागली. सासूबाईंची लाखोळीची डाळ बंद झाली. त्याचं दुःख त्या अजून बोलून दाखवतात.

यंदा डंपवर पुन्हा बूट आले. सुपरवायझर पोरगा दुरूनच ओरडला, "ताई, वर सांगितलं होतं ना मी!" खोक्यावर आठ नंबर होता. लेडीजचा आठ. जांभळ्या पट्टीचा, कोरा, कडक, माझ्या नावावर आलेला माझा पहिला बूट. मी तो घरी आणून पायात घालून बघितला. चावला. नवा बूट चावतोच.

मी एरंडीच्या तेलाची बाटली शोधत होते, तेवढ्यात नवऱ्याने माझ्यासमोरून बूट उचलले.

"तुये जुने अजून चालून राह्यले ना? घाल तेच. हे मी नरम करून देतो."

"हे लेडीज हायेत. पट्टी पाहा."

"मापात हाये ना," तो म्हणाला.

रविवारी त्याला सुट्टी होती. तो जांभळ्या पट्टीचे बूट घालून, भर गावातून, कपाशीच्या वावरात गेला. निंदणाच्या त्याच बायका होत्या. सलाम ठोकणारी उठलीच, "या बाई, या! हाजरी घेता का?" तो खुरपं घेऊन ओळीत उकिडवा बसला, बूट बरोबर बोटांच्या मागे मोडेल असा. मी बांधावर उभी होते. आधी खूप हसले. मग डोळे भरून आले, म्हणून वाकून उगाच तण उपटत बसले.

संध्याकाळी त्याच्या टाचेला फोड आला होता. मी पाय मांडीवर घेऊन त्यावर तेल लावलं. मग बूट हातात घेतला, टाच दाबून बघितली आणि त्याला सांगितलं, "अजून कडक हाये. पुढच्या रविवारी पन घाला."